आरशाची मागची बाजू

(मननासाठी वाचा : १ करिंथ ४:१-५; प्रकटीकरण ३:१४-२२)

"जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी," असे आपण मुलांना शिकवतो. या म्हणीत मोठे शहाणपण आहे. लोक पाहोत वा न पाहोत, माणसाच्या आत एक साक्षीदार बसलेला आहे आणि तो सहसा खोटे बोलत नाही, असा विश्वास तिच्यामागे आहे. आपणां ख्रिस्ती लोकांत तर सद्सद्विवेकबुद्धीला फारच मान आहे. मंडळीत वाद उपस्थित झाला, कोणाच्या वर्तनाविषयी प्रश्न निघाला, म्हणजे पुष्कळदा शेवटचे उत्तर असे येते : "माझे मन मला खात नाही. देवासमोर माझी विवेकबुद्धी शुद्ध आहे." हे ऐकल्यावर पुढे बोलायला कोणाची जीभ उचलत नाही.

असे उत्तर देणारे सगळे लबाड नसतात. बहुतेक जण प्रामाणिकच असतात. आणि खरी अडचण तिथेच आहे. लबाडाला आपण लबाडी करीत आहोत हे ठाऊक असते. परंतु ज्याचे मन त्याला खरोखरच खात नाही, त्याचे काय? मन खात नाही म्हणजे चूक नाही, असाच याचा अर्थ होतो काय? की ज्या मनाने खायचे, तेच बधिर झालेले असू शकते? आणि तसे असेल, तर ते त्या माणसाला कळावे तरी कसे?

हा प्रश्न केवळ उपदेशकांचा नाही. उंच आकाशात विमान चालवणाऱ्यांपुढे तो अगदी शब्दशः उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांनी प्राणांचे मोल दिले आहे. म्हणून आज थोडा वेळ आपण त्यांच्या शाळेत जाऊन बसू.

विरळ हवा आणि माणसाचा मेंदू

आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. उंच गेल्यावर हे प्रमाण घटते अशी पुष्कळांची समजूत आहे. पण तसे नाही. प्रमाण तेवढेच राहते, घटतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर हा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर साधारण एक तृतीयांश उरतो. दाब घटला म्हणजे फुप्फुसांतून पुरेसा प्राणवायू रक्तात शिरत नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते; पण रक्त जवळजवळ रिकाम्या हाताने परत जाते.

याचा पहिला फटका बसतो तो मेंदूला. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, आणि पुढच्या वेळेसाठी साठवून काहीच ठेवत नाही. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबासारखी त्याची स्थिती असते. ५,००० फुटांच्या आसपासच रात्रीची दृष्टी थोडी मंदावू लागते. त्याहून वर गेल्यावर रंग फिके दिसतात, हिशेब चुकतात, एकाच गोष्टीवर लक्ष खिळून राहते आणि निर्णयशक्ती ढळते. २५,००० फुटांवर प्राणवायू अचानक तुटला, तर वैमानिकाच्या हाती शुद्धीची ३ ते ५ मिनिटे असतात. ३५,००० फुटांवर अर्धे ते एक मिनिट. ही मुदत मरणापर्यंतची नव्हे, तर स्वतःला वाचवण्याइतकी अक्कल शाबूत असण्याची आहे. प्रवासी विमाने याच उंचीवरून जातात. आत दाबाने हवा भरलेली असते, म्हणून आपण तिथे बसून निवांत चहा पिऊ शकतो.

आता जो मुद्दा सांगायचा तो नीट ध्यानात घ्यावा. पाण्यात बुडताना किंवा धुरात कोंडल्यावर माणूस तडफडतो. मग विरळ हवेत तो का तडफडत नाही? कारण घुसमट जाणवते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. विरळ हवेत उच्छ्वास सुरळीत चालतो, तो वायू बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर ओरडत नाही. उलट पुष्कळांना फार बरे वाटू लागते. अंगात एक ऊब येते, आत्मविश्वास वाढतो, कोणी विनाकारण हसू लागतो, कोणी चिडखोर होतो. अक्षर वेडेवाकडे पडत असते आणि लिहिणाऱ्याला ते नेहमीसारखेच दिसते.

म्हणजे ज्या इंद्रियाने धोका ओळखायचा, तेच इंद्रिय पहिल्याने दुबळे होते. आणि दुबळे होत असताना ते "सर्व ठीक आहे" अशी ग्वाही देत राहते.

ज्यांना सर्व ठाऊक होते

कोणी म्हणेल, "हे ज्याला माहीत नाही तो फसेल, ज्याला माहीत आहे तो कसा फसेल?" इतिहास तसे सांगत नाही.

१८७५ साली १५ एप्रिल रोजी पॅरिसहून 'झेनित' नावाचा मोठा फुगा आकाशात चढला. पाळण्यात तिघे फ्रेंच गृहस्थ होते : क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि तिसांदिए. हे अडाणी साहसवीर नव्हते. पॉल बेर या शास्त्रज्ञाने विरळ हवेचा अभ्यास करण्यासाठी जी कमी दाबाची कोठी बनवली होती, तीत यांपैकी पहिले दोघे आदल्या वर्षी स्वतः बसून आले होते. प्राणवायू घेतल्याने हुशारी परत येते, हे त्यांनी अनुभवले होते. सोबत प्राणवायूच्या पिशव्याही होत्या. साठा मोजकाच होता, म्हणून खरी गरज भासेल तेव्हाच नळी तोंडाला लावायची, असा त्यांचा बेत होता.

गरज भासलीच नाही. फुगा ८,००० मीटरांच्या वर गेला. तिसांदिएने नंतर लिहून ठेवले की त्या वेळी कसलीही वेदना नव्हती. उलट आत एक आनंद भरून आला होता आणि धोक्याचा विचारही मनात नव्हता. नळीकडे हात न्यावा असे वाटले तोवर हात उचलेना. बोलावेसे वाटले तेव्हा जीभ हलेना. फुगा खाली आला तेव्हा तिसांदिए तेवढा जिवंत होता, आणि त्याचीही श्रवणशक्ती गेली होती. दोघे सोबती मरून पडले होते. प्राणवायू हाताच्या अंतरावर तसाच होता.

दुसरी गोष्ट मरणाची नाही, पण तितकीच बोलकी आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे ब्रिटिश अभ्यासक होते. (त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.) पहिल्या महायुद्धानंतर हॉल्डेन आणि हिमालयाचे जाणकार डॉ. केलस हे दोघे अशाच एका कोठीत बसले. आतला दाब ३२० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे २२,००० फुटांवर असतो तेवढा, उतरवला. पुढे काय करायचे असे विचारले की हॉल्डेन दर वेळी एकच उत्तर देत : दाब ३२० वरच ठेवा. एका तासाहून अधिक वेळ हे असेच चालले. केलस यांचे डोके त्या मानाने ठिकाणावर होते. पण निर्णय त्यांनी हॉल्डेन यांच्यावर सोपवला होता. पुढे दाब थोडा वाढवल्यावर हॉल्डेन यांनी आपले ओठ निळे पडले आहेत काय हे पाहण्यासाठी आरसा हाती घेतला. ते बराच वेळ त्यात पाहत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आले की आपण आरशाच्या मागच्या बाजूकडे पाहत आहोत.

या विषयावर त्या काळी जगात ज्याचा अधिकार मोठा होता, अशा माणसाची ही अवस्था. आत्मपरीक्षणाची इच्छा होती, आरसा हाती होता, नजर रोखलेली होती. फक्त बाजू उलटी होती. आपणही पुष्कळदा आत्मपरीक्षण करतो आणि स्वतःला निर्दोष ठरवून उठतो. आपण कोणत्या बाजूकडे पाहत होतो?

एक भोंगा, दोन अर्थ

हे सर्व जुन्या काळचे झाले, आता यंत्रे आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून अलीकडची एक घटना सांगतो. २००५ साली १४ ऑगस्ट रोजी सायप्रस बेटावरील लार्नाका येथून हेलिओस कंपनीचे एक प्रवासी विमान अथेन्सकडे निघाले. आत १२१ माणसे होती. त्या पहाटे तंत्रज्ञांनी विमानाच्या दाबाची तपासणी केली होती आणि हवा भरण्याचे बटण 'आपोआप' ऐवजी 'हाताने' या खुणेवर राहून गेले होते. उड्डाणापूर्वीच्या व नंतरच्या तपासणीत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. विमान चढत गेले तशी आतली हवा विरळ होत गेली.

१२,००० फुटांच्या सुमारास धोक्याचा भोंगा वाजला. पण त्या विमानात त्याच आवाजाचा भोंगा दुसऱ्याही एका कामासाठी होता : जमिनीवर असताना उड्डाणाची तयारी अपुरी असेल तर तोच वाजे. वैमानिकांनी त्याचा तो दुसरा, परिचित अर्थ घेतला. विमान तर आकाशात होते. तरी त्यांची समजूत तीच राहिली. मुख्य वैमानिक अनुभवी होता. त्याने बिनतारी यंत्रावरून जमिनीवरील तंत्रज्ञाशी बोलणे केले. तंत्रज्ञाने नेमका प्रश्न विचारला : दाबाचे बटण 'आपोआप' वर आहे ना? उत्तर देण्याऐवजी वैमानिकाने यंत्रे थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेविषयी वेगळेच काही विचारले. त्याचे लक्ष तिकडे खिळले होते. थोड्याच वेळात बोलणे बंद पडले.

विमान मात्र आपोआप ३४,००० फुटांवर गेले, अथेन्सजवळ पोहोचले आणि घिरट्या घालीत राहिले. ग्रीक वायुदलाची दोन लढाऊ विमाने जवळ आली, तेव्हा मुख्य वैमानिकाची जागा रिकामी दिसली आणि सहवैमानिक पुढे कलंडलेला दिसला. सुट्या नळकांड्यातील प्राणवायूवर शुद्धीत राहिलेला एक हवाईसेवक शेवटी वैमानिकांच्या कक्षात शिरला; पण तोवर इंधन संपत आले होते. ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर विमान कोसळले. १२१ पैकी कोणीही वाचले नाही.

मृतांना बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. शिलोहातील बुरूज पडून जी अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने लोकांना विचारले होते, आणि त्याच प्रश्नाने ऐकणाऱ्यांचे तोंड स्वतःकडे वळवले होते (लूक १३). आपणही तेच करू.

या घटनेत तीन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली, इशारा आला नाही असे नव्हे. आला, पण त्याला सोयीचा व सवयीचा अर्थ दिला गेला. उपदेश ऐकताना "आज पाळकसाहेबांनी अमक्याला बरे सुनावले" असे म्हणत आपण घरी येतो, तेव्हा दुसरे काय करतो? दुसरी, शेजारी सहवैमानिक होता. पण तोही तीच हवा घेत होता. एकाच हवेत बसलेली दोन माणसे एकमेकांना "ठीक आहे" म्हणू लागली, तर त्या दोन साक्षींची किंमत एकीहून अधिक होत नाही. तिसरी, योग्य प्रश्न आला तो खालून, जिथे हवा भरपूर होती तिथून. आणि तोच प्रश्न अवांतर वाटला.

दोष केव्हाचा?

आता नीतीचा प्रश्न घेऊ. ज्याची निर्णयशक्तीच हरपली, त्याला दोषी कसे धरावे? त्या क्षणी त्याला कळतच नव्हते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याचा विचार केला आहे. अशा माणसाला काही कायद्यांत दुप्पट शिक्षा असे, असे तो सांगतो. कारण न पिणे त्याच्या हाती होते आणि पिणे हेच त्याच्या अज्ञानाचे कारण झाले. त्या शिक्षेविषयी आपले मत काहीही असो. त्यामागील विचार नीट आहे. जबाबदारी शोधायची ती चूक घडली त्या घटकेत नव्हे, तर ज्या घटकेला आपण शुद्धीवर होतो त्या घटकेत. नळी केव्हा लावायची हे 'झेनित'च्या प्रवाशांनी जमिनीवर असताना ठरवले, आणि ठरवले ते असे की, "गरज वाटेल तेव्हा." पण गरज वाटण्याची शक्तीच वर जाऊन हरपणार होती. चुकीचे बीज त्या ठरावात होते.

म्हणून "त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही" हे उत्तर पुरे पडत नाही. पुढचा प्रश्न असा : वावगे वाटेनासे होईल अशा उंचीवर तू चढलास कसा, आणि चढण्यापूर्वी तू कोणती तजवीज केली होतीस? प्रामाणिकपणा हा मोठा गुण आहे. पण प्रामाणिकपणा म्हणजे बरोबर असणे नव्हे. हातातला काटा अडकला असेल, तर प्रामाणिक दुकानदारही खोटेच वजन देतो.

शास्त्र काय दाखवते

पवित्र शास्त्राने ही अवस्था पूर्वीच ओळखली आहे. दलीलेच्या मांडीवर झोपलेला शमशोन जागा होतो आणि नेहमीसारखाच झटका देऊन सुटेन असे त्याला वाटते; परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे, हे त्याला ठाऊक नसते (शास्ते १६). होशेय संदेष्टा एफ्राईमाविषयी सांगतो की त्याचे केस पिकू लागले आहेत आणि त्याला त्याची खबर नाही (होशेय ७). लावदिकीया येथील मंडळीला तर आपण श्रीमंत आहोत, आपल्याला कशाची उणीव नाही असे वाटत होते. प्रभूच्या दृष्टीने ती दरिद्री, आंधळी व उघडी होती. तिघांच्याही बाबतीत दुखणे एकच : उणीव होती आणि उणिवेची जाणीव नव्हती. लावदिकीयात तर एक माणूस नव्हे, सबंध मंडळी त्याच विरळ हवेत बसली होती. एकमेकांना विचारून काय उपयोग होणार होता?

या सर्वांहून मला पौलाचे बोलणे अधिक विचार करायला लावते. करिंथकरांस तो सांगतो की माझे मन मला दोषी ठरवत नाही. परंतु तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. जे वाक्य आपण वादाच्या शेवटी टाकतो, ते पौलाने सुरुवातीला टाकले आणि लगेच त्याची मर्यादा सांगितली. स्वच्छ मन हे त्याने प्रमाणपत्र मानले नाही.

मग विवेकबुद्धीवर विश्वास ठेवायचाच नाही काय?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपण प्रॉटेस्टंट आहोत. १५२१ साली वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर सम्राटापुढे उभा राहिला, तो विवेकबुद्धीच्या आधारावर. मग तीच जर फसवी, तर ज्याच्या हाती सत्ता तो म्हणेल ते मुकाट्याने मानायचे काय?

तसे मुळीच नाही. ल्यूथरने आपली विवेकबुद्धी मोकळी आहे असे म्हटले नव्हते. ती देवाच्या वचनाला बांधलेली आहे असे म्हटले होते, आणि शास्त्रावरून चूक दाखवून दिल्यास आपले म्हणणे मागे घेण्याची तयारी त्याने दर्शवली होती. फरक इथे आहे. आपण त्याच्या वाक्याचा अर्धा भाग उचलतो आणि उरलेला अर्धा वर्म्सलाच ठेवून येतो.

आणि अधिकाऱ्याच्या अधीन राहणे हाही उपाय नव्हे, हे हॉल्डेन-केलस यांच्या गोष्टीवरून कळते. ज्याचे डोके शाबूत होते, त्याने ज्याचे हरपले होते त्याच्यावर निर्णय सोपवला. "साहेब म्हणतात तर बरोबरच असेल" हा नम्रपणा नव्हे. नाथान संदेष्टा राजापुढे उभा राहिला, त्यात नम्रता होती आणि धैर्यही होते. एक हकीकत ऐकून दावीदाने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा सांगितली. म्हणजे त्याची विवेकबुद्धी मेली नव्हती. दुसऱ्याच्या बाबतीत ती लख्ख चालत होती. आरसा तेवढा उलटा धरला होता. नाथानाने तो फिरवून दिला (२ शमुवेल १२).

दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. वैमानिकाचा प्राणवायू यंत्रातील बिघाडाने तुटतो. त्यात त्याचे पाप नसते. आपल्या मनाची बधिरता मात्र बहुधा आपण हळूहळू स्वतःच ओढवून घेतो. डाग दिलेल्या विवेकबुद्धीविषयी पौल तीमथ्याला लिहितो. जिथे वारंवार डाग बसतो तिथली कातडी दुखेनाशी होते. विमान काही मिनिटांत चढते. माणूस वीस वर्षांत चढतो. म्हणून त्याला उंची कळत नाही.

जमिनीवर असतानाच

वैमानिकांनी यावर कोणता मार्ग काढला? "मी सावध राहीन" यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. शिकाऊ वैमानिकाला कमी दाबाच्या कोठीत बसवतात, जाणत्यांच्या देखरेखीखाली मास्क काढायला लावतात आणि साधी बेरीज-वजाबाकी करायला देतात. १९५७ साली स्थापन झालेली वायुदलाची यासंबंधीची वैद्यकीय संस्था बेंगळुरूला आहे. बाहेर आल्यावर त्याचा तोच कागद त्याला दाखवतात, तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. या शिक्षणाचा हेतू असा की प्रत्येकाला आपली स्वतःची पहिली खूण कळावी. कोणाची बोटे झिणझिणतात, कोणाचे कान तापतात, कोणाला उगाच हसू येते. ती खूण दिसली, भोंगा वाजला किंवा शंका आली, तर विचार करीत बसायचे नाही. आधी मास्क चढवायचा, मग काय बिघडले ते शोधायचे. लेहला पोहोचलेल्या जवानाचेही तसेच आहे. सुमारे ११,५०० फुटांवरच्या त्या ठिकाणी अंगात कितीही जोम वाटला तरी पहिले काही दिवस त्याला हुकमाने हवेची सवय करून घ्यावी लागते. आपल्या मंडळ्यांतील ज्या घरचे मुलगे सैन्यात आहेत त्यांना हे ठाऊकच असेल. नियम जोम विचारीत नाही.

यावरून आपल्यासाठी चार गोष्टी सुचवतो.

एक, आपली पहिली खूण ओळखा. कोणाची कुटुंबप्रार्थना आधी घाईची होते आणि मग बंद पडते. कोणाचा आवाज घरात चढू लागतो. कोणाला दुसऱ्याच्या पडण्यात गोडी वाटू लागते. कोणाच्या तोंडी "सगळेच असे करतात" हे वाक्य येऊ लागते. स्वतःला सापडत नसेल तर पत्नीला किंवा पतीला विचारा. त्यांना ती पुष्कळ वर्षांपासून ठाऊक असते.

दोन, नियम शांतपणाच्या काळी करा आणि मोहाच्या काळी त्यावर वाद घालू नका. दानाचे पैसे दोघांनी मोजावेत, बँकेच्या कागदावर दोन सह्या असाव्यात, हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसाने तपासावा. हिशेब मागितला की कित्येक खजिनदारांना अपमान वाटतो : "वीस वर्षे सेवा केली, आता माझ्यावर अविश्वास?" वीस हजार तास उडालेला वैमानिकसुद्धा दर उड्डाणापूर्वी यादी वाचून एकेक बटण तपासतो आणि सहवैमानिक ते ऐकतो. त्यात त्याचा अपमान होत नाही. यादी त्याच्या सचोटीवर संशय घेत नाही. माणूस माणूस आहे, एवढेच ती मान्य करते.

तीन, ज्यांची हवा आपल्याहून वेगळी आहे अशांचे ऐका. कमिटीत आपल्याच गटाची माणसे असली म्हणजे ठराव एकमताने होतात. पण त्या एकमताचे मोल हेलिओसच्या दोन वैमानिकांच्या एकमताएवढेच. दुसऱ्या मंडळीतील वडील, नवीन आलेले कुटुंब, मागच्या बाकावरची विधवा, तरुण संघातला तोंडाळ मुलगा, यांचा प्रश्न अवांतर वाटला, तर तो अवांतर का वाटतो हे आधी तपासा. आणि सगळी मंडळीच विरळ हवेत असेल, तेव्हा वरून येणारे वचन हाच एक आवाज उरतो. म्हणून ते रोज, ठरल्या वेळी, आवडीचे उतारे न निवडता क्रमाने वाचावे. गरज वाटेल तेव्हा वाचीन, हा 'झेनित'चा ठराव झाला.

चार, ही गोष्ट विशेषकरून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी. विमानात सांगतात की वरून मास्क खाली आले तर आधी स्वतःचा चढवा, मग शेजारच्या मुलाचा. प्रथम ऐकताना हे स्वार्थाचे वाटते. पण मुलाचा मास्क बसवण्यातच आपली शुद्ध गेली, तर त्या मुलाला पुढे सांभाळणार कोण? शनिवारी रात्री घाईने धडा चाळून रविवारी मुलांसमोर उभे राहणाऱ्या शिक्षकाने याचा विचार करावा. जे वचन आधी आपल्या आत गेले नाही, ते आपण दुसऱ्याच्या तोंडाला लावू शकत नाही. आणि इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने एकमेकांना बोध करण्यास सांगितले आहे, तो वर्षातून एकदा उपवासाच्या काळात नव्हे, तर प्रतिदिवशी. पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून.

शेवटी एक आशेची गोष्ट. विरळ हवेत भ्रमिष्ट झालेल्या माणसाला वेळेत प्राणवायू मिळाला, तर बहुधा काही सेकंदांतच त्याची बुद्धी ताळ्यावर येते. ज्यांनी हे अनुभवले ते सांगतात की आधी रंग परत येतात; जग इतके फिके झाले होते हे तोवर कळलेलेच नसते. पापाची जाणीव होणे याला आपण शिक्षा समजतो, पण ती तर शुद्धीवर येण्याची पहिली घटका आहे. नाथानाचे बोलणे ऐकून दावीदाने सबब सांगितली नाही, त्या संदेष्ट्याला हाकलले नाही. एका वाक्यात आपले पाप कबूल केले, आणि क्षमेचा शब्द त्याच क्षणी आला. लावदिकीयाच्या मंडळीलाही प्रभूने केवळ तिची अवस्था सांगून सोडले नाही. डोळ्यांत घालण्यास अंजन देऊ केले आणि दाराशी उभा राहून तो ठोकत राहिला.

म्हणून यापुढे "माझे मन मला खात नाही" असे म्हणण्याची वेळ आली, तर पौलाप्रमाणे त्याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडू : पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. मग ज्याचा आपल्याला धाक नाही आणि ज्याला आपला धाक नाही अशा एखाद्या भावाला किंवा बहिणीला विचारू, "माझ्यात तुम्हांला काय दिसते?" आणि उत्तर मिळाल्यावर तत्काळ खुलासा न करता ते घेऊन प्रार्थनेला बसू. आरसा आपल्या हाती दिलेला आहे. तो कोणत्या बाजूने धरला आहे, हे मात्र पुष्कळदा शेजाऱ्यालाच आधी दिसते.